व्हेज कोल्हापुरी, पण कुठल्या सालची?

मेनू कार्डावर एखादी भाजी चाळीस वर्षं त्याच नावानं छापली जाते, म्हणून ती तीच आहे असं गिऱ्हाईक धरून चालतं. मी पुण्यातल्या एका जुन्या हॉटेलचं किचन सांभाळतो. गेल्या हिवाळ्यात एक काका काउंटरवर आले. लग्नाचा चाळिसावा वाढदिवस, वरच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं. बाकी मेनू काहीही ठेवा म्हणाले, पण व्हेज कोल्हापुरी ‘तेव्हाची’ हवी. लग्न ठरल्यावर दोघं पहिल्यांदा आमच्याकडेच जेवले होते, एकाच प्लेटमध्ये, आणि काकूंना तिखटानं ठसका लागला होता. शेठ गहिवरले आणि हो म्हणून बसले. किचनमध्ये काय चालतं हे शेठना मालाचं बिल आल्यावरच कळतं.

बाहेरच्यांना वाटतं, ऑर्डर आली की भाजी शिजते. तसं नसतं. सकाळी अकराच्या आत लाल ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही, पिवळी ग्रेव्ही आणि कांदा-टोमॅटोचा चॉप मसाला तयार असतो. कार्डावरची पन्नास-साठ नावं म्हणजे या चौघांच्या बेरजा-वजाबाक्या. लालमध्ये क्रीम, लोणी, कसुरी मेथी गेली की बटर मसाला. चॉप वाढवून ढोबळी मिरची टाकली की कढाई. केओटी, म्हणजे वेटरनं लिहिलेली ऑर्डरची चिठ्ठी, आल्यापासून आठ-दहा मिनिटांत डिश पासवर, म्हणजे वाढायला न्यायच्या ओट्यावर, लागायला हवी, तेव्हा दुसरं काही शक्यही नाही. आमची आजची कोल्हापुरी म्हणजे लाल ग्रेव्ही, चॉप, पाकिटातला मसाला आणि वर दोन तळलेल्या मिरच्या. बटर मसाल्याची तिखट बहीण. खुद्द कोल्हापूरकर घरी तांबडा-पांढरा करतात. ही भाजी आम्हा हॉटेलवाल्यांचीच.

मी अण्णांना गाठलं. अण्णा मूळचे कुंदापूरकडचे, आमचे जुने वस्ताद, आता कात्रजला मुलाकडे असतात. त्यांनी तोंडीच सगळं सांगितलं: सुकं खोबरं किसून मंद आचेवर, तीळ वेगळे, खसखस सगळ्यात शेवटी आणि गॅस बंद केल्यावर. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, दोन्ही देठ काढून तेलावर, पण काळ्या होता कामा नयेत. दगडफूल चिमूटभर. कांदा उभा चिरून चॉकलेटी होईपर्यंत. टोमॅटो नावाला. काजू? ‘काजू कशाला? काजू शाही कुर्म्याला.’

मी दोन दिवस आधी थोडी करून पाहिली, आणि तेव्हा लक्षात आलं की यातली एकेक वस्तू आमच्या किचनमधून कशी गेली ते मला ठाऊक होतं. कुणी ठरवून चव बिघडवली नव्हती. खसखस किलोला हजाराच्या वर गेली, तिच्या जागी मगज, म्हणजे टरबूज-खरबुजाच्या सोललेल्या बिया, आला. २०१९च्या डिसेंबरात कांदा शंभरावर गेला तेव्हा घरचा तळलेला कांदा बंद होऊन पाकिटातला सुरू झाला. भाव उतरले, पाकीट राहिलं. २०२३च्या जुलैत टोमॅटोनं तेच केलं आणि डब्यातली प्युरी आली. ती गोडसर असते, पण रोज सारखी असते, आणि किचनला चवीपेक्षा सारखेपणा जास्त लागतो हे कुणी उघड बोलत नाही. शेवटचा घाव डिलिव्हरीचा. खोबरं-तिळाचं वाटण गार झालं की घट्ट होतं आणि तेल सुटून डब्याच्या कडेला बसतं. पाऊण तासानं कोथरूडला पोचल्यावर गिऱ्हाईक त्याचा फोटो काढून एक तारा देतं. काजू-मगजाची ग्रेव्ही मात्र डब्यातही गुळगुळीत राहते. आजची कोल्हापुरी प्लास्टिकच्या डब्यानं घडवली आहे, असं मी म्हणेन.

दिल्लीत २०२४मध्ये बटर चिकन मुळात कुणी काढलं यावरून दोन हॉटेलं हायकोर्टात गेली. बातमी वाचून मला एवढंच वाटलं होतं की आधी कुठल्या सालचं बटर चिकन ते तर ठरवा.

कार्यक्रमाच्या दिवशी अण्णांनाही बोलावलं. ते रेंजजवळ, म्हणजे किचनच्या मोठ्या शेगडीजवळ, स्टुलावर बसले. हंडीतून पळीभर तळहातावर घेतलं, चाटलं. ‘वाटण बरोबर. पण ही ती नाही.’ मग हसत म्हणाले, ‘डालडा कुठाय?’

दीड-दोन पळ्या वनस्पती तूप फोडणीला आणि वरून अर्धी पळी, असा त्यांचा हिशेब होता. तोंडात जाड, टाळूला चिकटणारा जो थर लोकांना आठवतो, तो तिथून यायचा. ते वनस्पती आता मिळत नाही. एफएसएसएआयनं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, २०२२पासून खाद्यतेलात आणि वनस्पतीत तयार होणाऱ्या ट्रान्स फॅटची, म्हणजे तब्येतीला घातक चरबीची, मर्यादा २ टक्क्यांवर आणली. जुन्या वनस्पतीत ते कितीतरी जास्त असे. नियम बरोबरच आहे. पण म्हणजे काकांना हवी असलेली चव आज कायद्यानं बनवता येत नाही. शिवाय अण्णा खायचा लाल रंगही टाकत. तो मी घालणार नव्हतो. शेंगतेल आणि शेवटी थोडं लोणी, इथवर येऊन थांबलो.

वाढायला घेताना अण्णांनी विचारलं, ‘त्यांचं लग्न कुठल्या सालचं?’ मी म्हटलं, पंच्याऐंशी. ‘मग मला काय विचारतोस? मी एकोणनव्वदला आलो. माझ्याआधीचा वस्ताद तीळ घालायचाच नाही. मी घातले, चार महिने कुणाला कळलं नाही. मग टीव्हीवर पंजाबी सुरू झालं, तसे टोमॅटो वाढवले.’ हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला राग येईना. पन्नास माणसांची हंडी उतरली होती.

मी स्वतः वर गेलो. काकांनी पहिला घास घेतला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘हीच! अहो शेफ, हीच ती!’ शेजारी काकू शांतपणे भाकरीचा तुकडा मोडत होत्या. म्हणाल्या, ‘काहीतरीच. ती गोडसर होती. आणि ठसका मला पापडानं लागला होता.’ टेबलावर हशा. काका वाद घालायला लागले, काकूंनी दाद दिली नाही. मग नातवंडांच्या टेबलावरून वेटरांचा कॅप्टन एक बाऊल परत घेऊन आला: ‘सर, त्यांना नेहमीची हवीये. म्हणतायत ही कोल्हापुरी नाहीये, मटणाच्या रश्श्यासारखी लागते.’ खाली सांगितलं, आठ मिनिटांत लाल ग्रेव्हीतली गेली. ती त्यांनी बाऊल पुसून खाल्ली, आणि मी पाहिलं, काकूंनीही त्यातलीच दोनदा घेतली.

यात बरोबर कोण, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. काकूंचं गोडसर खरं असेल, तर आमची आजची डब्यातल्या प्युरीची भाजीच अण्णांच्या भाजीपेक्षा पंच्याऐंशीला जवळची निघते. तेव्हाचा वस्ताद आता हयात नाही आणि लिहून कुणीच काही ठेवलेलं नाही. रेंजवरच्या गढवाली पोराला विचारलं तर तो म्हणाला, मागच्या हॉटेलात व्हेज कोल्हापुरी हिरवी होती.

शेठना मात्र कल्पना फार आवडली. ‘स्पेशल जुनी कोल्हापुरी’ म्हणून कार्डावर घालायची म्हणतात, हाफ-फुल दोन्ही. मी खसखस, खोबरं, शेंगतेल धरून खर्च काढून दिला. तेव्हापासून कागद त्यांच्या गल्ल्यात आहे. काल विचारत होते, खसखशीच्या जागी मगज चालेल का.