पॅरिसचा लिलाव, दोन पायांचं टेबल आणि एक शिक्का

पॅरिसमध्ये सहा वर्षं झाली तरी लिलावात कधी हात वर केला नव्हता. मार्चमध्ये केला, आणि दोन मिनिटांत कोरीव लाकडाचं, सोन्याचा वर्ख लावलेलं कॉन्सोल टेबल (भिंतीलगतचं अरुंद टेबल) माझ्या गळ्यात. बोली १४०० युरो, त्यावर लिलावघराचे २८ टक्के, झाले १७९२.

रोख देतो म्हटलं तर इथे राहणाऱ्याला व्यापाऱ्याकडे १००० युरोच्या वर कॅश देताच येत नाही, कायदाच आहे तसा. कार्डाचं लिमिट कमी. मग ट्रान्सफर, तर बँकेच्या ॲपमध्ये नवीन खातं ॲड केलं की तीन दिवस थांबा. थांबलो, पैसे टाकले, आणि रेफरन्समध्ये बिल नंबरच्या जागी लॉट नंबर (लिलावातल्या वस्तूचा क्रमांक) लिहिला, इथेच माती खाल्ली. पैसे त्यांच्याकडे पोचले पण कोणाचे ते त्यांना कळेना, आणि 'पैसे मिळाले' असा शिक्का मारलेला बोर्दरो (त्यांचं बिल हो) दाखवल्याशिवाय गोदामवाला टेबलाजवळ फिरकू देईना. रोज फोन, रोज "उद्या बघतो". बँकेची पावती दोनदा मेल केली, शेवटी प्रिंट घेऊन गेलो तर हिशेबाच्या बाई जेवायला गेलेल्या, दोनला या. दोनला गेलो तर बाई हाफ डे घेऊन घरी! तोवर आठव्या दिवसापासून गोदामाचं भाडं चालू, रोज ९ युरो. त्यात एक व्हॅन रिकामी परत गेली, ७० युरो पाण्यात. चौदाव्या दिवशी शिक्का पडला, पाच सेकंदांचं काम. भाड्याचे ६३ मात्र सोडले नाहीत. तेव्हा व्हॅन शिक्का हातात आल्यावरच बुक करा.

अजून एक, हे आधी सांगायला हवं होतं. कॅटलॉगमध्ये 'एपोक लुई १५' असेल तर वस्तू खरंच पंधराव्या लुई राजाच्या काळातली. नुसतं 'स्टील लुई १५' (लोखंडाचं स्टील नव्हे, फ्रेंचमधलं 'स्टाइल') म्हणजे त्या धाटणीची, नंतर कधीतरी केलेली. १९८१ च्या सरकारी आदेशाने हे शब्द बांधलेत. माझं 'स्टील', म्हणून तर परवडलं.

घरी आणून ठेवलं तर तोंडावरच पडायला लागलं. पाय दोनच, पुढचे! मागे सपाट कोरं लाकूड, कारण हे भिंतीला स्क्रूने ठोकायचं असतं. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "एवढे पैसे घेतले आणि पाय निम्मेच दिले?"

पुसायचं झालं तर ओलं फडकं अजिबात नाही, मऊ कोरडा ब्रशच. वर्खाखाली खडू आणि सरसाचा थर, त्यावर लाल माती, ते सगळं पाण्याने सुटतं. माझ्या टेबलावर कोरलेल्या शिंपल्यांच्या कडांना आधीच कोणीतरी पुसपुसून ती लाल माती उघडी पाडलीय. मला तर तीच आवडते.

भिंत पोकळ निघाली, वरचा संगमरवर तीसेक किलोचा. सध्या तो सोफ्यामागे उभा आहे, आणि ड्रिलच्या परवानगीसाठी घरमालकाला दोन मेल गेलेत.