डाळिंबी कॅलिपर आणि घावनासारखी फिल्म

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, 40 वर्षं पाट्या रंगवल्या. नाना पेठेतली दुकानं, भवानी पेठेतले ट्रक, गणपती मंडळांचे फलक. गिऱ्हाईक येऊन विचारायचं, "पेंटर, रंग कधी लागणार?" आणि अण्णा बादलीत पॉलिश पेपर भिजवत बसलेले असायचे. दोन दिवस पत्रा घासायचा, तिसऱ्या दिवशी अक्षर चढवायचं, हा त्यांचा हिशेब. शाळेतून आले की मीही शेजारी बसून घासायचे. रंगाचं माझं सगळं शिक्षण तिथलं.

माझी ऑडी क्यू5 2016 ची आहे. शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली, पांढरी, एमएच 12 पासिंगची, आणि माझ्याकडे आली ती सेकंडहँड. भोसरीत कास्टिंगच्या कंपनीत क्वालिटीत 17 वर्षं काढल्यावर हौसेनं घेतली. यंदा मार्चमध्ये तिचे ब्रेक कॅलिपर, म्हणजे चाकाआडच्या फिरत्या डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे, घरी रंगवले आणि एप्रिलमध्ये अख्ख्या गाडीला रॅप केलं, म्हणजे रंगावर चिकट फिल्म चढवून घेतली. आधी कॅलिपर, मग रॅप. ब्रेक क्लीनरचे शिंतोडे नव्या फिल्मवर उडायला नकोत, म्हणून हा क्रम.

रॅपचा एक वाईट अनुभव गाठीशी होता. दोन वर्षांपूर्वी फक्त छताला काळी फिल्म लावून घेतली होती. दुकानदार म्हणाला, "ताई, सगळी फिल्म सारखीच असते, नावाचे पैसे असतात." मी ऐकलं. पहिल्याच मे महिन्यात छताच्या कडेला फिल्म दोन-तीन मिलिमीटर आत सरकली आणि उघड्या पडलेल्या चिकट रेषेवर धूळ बसून काळा काठ तयार झाला. फिल्म काढल्यावर त्याहून वाईट दिसलं. कडा कापताना ब्लेड थेट गाडीवर चालवलं होतं. क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ. त्या रेघेवरून नख फिरवलं की अजून पोटात कालवतं.

तेव्हापासून या विषयात डोकं घातलं. व्हिनाइल फिल्म दोन तऱ्हांनी बनते. एकीत व्हिनाइलचा गोळा तापलेल्या रोलरांमधून दाबून पातळ करतात, तिला कॅलेंडर्ड म्हणतात. दुसरीत पातळ द्रव सपाट पृष्ठावर ओतून भट्टीत सुकवतात, ती कास्ट. स्वयंपाकघरात उभं राहिलं की फरक लगेच कळतो. पुरी लाटून तशीच ठेवली की आक्रसते, कारण लाटण्याचा ताण तिच्यात असतो. घावन ओतलेलं असतं, ते तव्यावर पसरेल तेवढंच राहतं. कॅलेंडर्ड फिल्म म्हणजे पुरी, कास्ट म्हणजे घावन. गाडीच्या वळणांवर, खाचांमध्ये, आरशांच्या गोलाईवर पुण्याच्या उन्हात वर्षानुवर्षं बसायचं तर घावनच हवं. सपाट पाटीला किंवा दुकानाच्या काचेला पुरी चालते. माझ्या छतावर पुरी होती.

आता कॅलिपर. हे काम मला जास्त प्रिय आहे.

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीचं पार्किंग, रविवारची सकाळ, अण्णा खुर्ची टाकून बसलेले. एका वेळी एकच चाक काढायचं ठरवलं. विरुद्ध टोकाच्या चाकांना लाकडाचे ठोकळे, जॅक लावला तरी खाली लोखंडी घोडी, आणि तोवर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. ऑडीच्या हबला, म्हणजे चाक जिथं बसतं त्या भागाला, बाहेर आलेले स्टड नसतात, सुटे बोल्ट असतात. चाक परत बसवताना ते हवेत धरून भोक जुळवावं लागतं. एक गाइड पिन आधी हबमध्ये फिरवून ठेवली तर चाक तिच्यावर टांगता येतं. ही पिन नसती तर अलॉयला दोन-चार ओरखडे नक्की पडले असते.

कॅलिपर सोडवला नाही, जागेवरच रंगवला. सोडवला तर ब्रेकची नळी उघडावी लागते, हवा शिरते, ती काढायला ब्लीडिंग करावं लागतं, आणि ब्रेक ऑइलचा थेंब रंगावर पडला तर रंग सोलतो. डॉट 4 ऑइल ग्लायकॉलचं असतं, गाडीच्या रंगाचा तो वैरीच. आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगते. ब्रेकची काळी धूळ हवेच्या पाइपानं उडवू नका. मास्क लावा, क्लीनर मारून धूळ ओली करा आणि फडक्यानं टिपून घ्या.

तारेच्या ब्रशनं घासायला सुरुवात केली. इतक्या वर्षांचा काळा थर, त्याखाली गंज, त्याखाली राखाडी कास्टिंग. कास्टिंगवरची साच्याची बारीक खडबड दिसायला लागली तेव्हा छान वाटलं, आमच्या कंपनीत असे नग मी रोज हातात घेते. पुढचं डावं चाक झालं, उजव्यावर आले. कॅलिपरच्याही स्वतःच्या गाइड पिना असतात. घासता घासता त्यातल्या एकीच्या रबरी बुटावर, म्हणजे टोपणावर, ब्रश अडकला. बघते तर बूट एका बाजूला फाटलेला, आत ग्रीसऐवजी तपकिरी पीठ.

क्यू5 चा पुढचा कॅलिपर सरकता असतो. पिस्टन आतल्या बाजूलाच. तो आतलं पॅड डिस्कवर दाबतो आणि त्या रेट्यानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचं पॅड ओढून आणतो. पिन अडली की सरकणं बंद, आतलं पॅड एकटंच झिजतं. टॉर्च लावून पाहिलं. बाहेरच्या पॅडला भरपूर माल शिल्लक, आतलं जेमतेम 3 मिलिमीटर. गेले काही महिने खंबाटकी घाट उतरताना गाडी किंचित डावीकडे ओढते असं मला वाटत होतं, आणि मी अलाइनमेंटवर संशय घेत होते.

अण्णा खुर्चीतून उठून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "घासलंस म्हणून दिसलं बाळ. वरून रंग मारला असतास तर झाकलं गेलं असतं."

त्या दिवशी रंगाचा डबा उघडलाच नाही. दुसऱ्या दिवशी आमचे मेकॅनिक काका आले. पिना साफ केल्या, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं, चारही बूट नवे टाकले, पुढची पॅडं दोन्ही बाजूंची बदलली. एकाच बाजूची कधीच बदलायची नाहीत.

पुढच्या रविवारी रंग. कोणता, यावर घरात आठवडाभर चर्चा झाली होती. मुलाला पिवळा हवा होता. पोर्शेच्या गाड्यांवर पिवळा कॅलिपर म्हणजे आत सिरॅमिक डिस्क, ही त्या कंपनीची खूण आहे. माझ्या डिस्क बिडाच्या. मग पिवळा मारून मी काय सांगणार? त्याच कारणानं ब्रेक बनवणाऱ्या ब्रेम्बो कंपनीचं स्टिकरही नको म्हटलं. ब्रेम्बोचा कारखाना आपल्याच चाकणला आहे, तिथं दर्जासाठी लोक किती राबतात याची मला कल्पना आहे. दुसऱ्याच्या मेहनतीचं नाव आपल्या नगावर लावणं मला पटत नाही.

अण्णांनी रंग सुचवला: डाळिंबी. पांढऱ्या गाडीच्या चाकाआडून दिसेल, पण ओरडणार नाही. तसा रंग तयार मिळेना. त्यांनी एकाच कंपनीचे, उष्णता सोसणारे दोन डबे आणायला लावले, लाल आणि काळा. दोन्ही टू-के, म्हणजे हार्डनर घालून वापरायचे. मग स्टीलच्या वाटीत 12 चमचे लाल आणि 1 चमचा काळा. काडीनं ढवळलं, पांढऱ्या पुठ्ठ्यावर एक फराटा ओढला, तो उन्हात धरून बघितला. "सुकल्यावर थोडा खोल दिसेल," म्हणाले.

मी हार्डनर ओतायला गेले तर हात धरला. "रंग चारही चाकांचा एकदम कालव. हार्डनर मात्र एका चाकापुरत्याच रंगात." हार्डनर पडला की रंग तासाभरात घट्ट व्हायला लागतो. आणि दर वेळी नव्यानं लाल-काळा मोजलं तर चार चाकांचे चार डाळिंबी होतात. पाटीवरची शेवटची ओळ पहिल्या ओळीशी जुळायची ती अशी.

त्याआधीचं मास्किंग मी केलं. डिस्कभोवती जुने पेपर, ब्लीड निपलवर, म्हणजे हवा काढायच्या तोटीवर, टेपची टोपी, रबरी बूट, नळी, सगळं झाकलं. मागच्या कॅलिपरवर हँडब्रेकची इलेक्ट्रिक मोटर असते, ती आणि तिचा कनेक्टर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला. पॅड जिथं बसतात आणि सरकतात त्या खाचेत रंगाचा ठिपकासुद्धा चालत नाही, पॅड अडकतं. मऊ केसांच्या ब्रशनं पातळ तीन हात दिले, मध्ये वीस-वीस मिनिटं थांबून. हा रंग हळूहळू स्वतःच पसरतो आणि ब्रशच्या रेघा मिटतात. ते बघत बसावंसं वाटतं. साच्याचा नंबर जिथं उठून आला आहे तिथं अण्णांनी स्वतः ब्रश घेतला. 76 वर्षांचा हात, एकही ओघळ नाही. रात्रभर गाडी तशीच घोडीवर ठेवली आणि सकाळी टॉर्क रेंचनं, म्हणजे जोर मोजून कसणाऱ्या पान्यानं, बोल्ट कसले.

रॅप नऱ्ह्याच्या एका शेडमध्ये झालं, पाच दिवस. बंद, एसी असलेली जागा, ओली फरशी, पंखा नाही. तिथल्या मुलाला मी पहिल्यांदा विचारलं, "दादा, कडा कशी कापणार?" त्यानं खिशातून नाइफलेस टेप काढून दाखवली. तिच्यात बारीक दोरा असतो. फिल्म वरून लावायची आणि दोरा ओढायचा, ब्लेड गाडीला शिवतच नाही. तिथंच सौदा पक्का केला. कास्ट फिल्म, सॅटिन म्हणजे मंद चमकेची, पांढरी. खर्च 1 लाख 20 हजार.

पांढऱ्यावर पांढरीच का, असं ऑफिसात विचारतात. आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो. रंग बदलला तर आरटीओत कळवून नोंद बदलून घ्यावी लागते. पण खरं कारण निराळं. मला गाडीची चकाकी काढायची होती, रंग नाही. चुन्यानं सारवलेल्या भिंतीवर सकाळचं ऊन पडतं तसा हा पांढरा दिसतो. विमा कंपनीला मात्र ईमेल केला.

त्या मुलानं एक गोष्ट मोकळेपणानं सांगितली, ती सेकंडहँड गाडीवाल्यांनी लक्षात ठेवावी. मागचा बंपर आधी कुणीतरी परत रंगवलेला होता. तसा रंग कच्चा असला तर पुढं फिल्म काढताना तिच्याबरोबर निघून येतो. हे त्यानं आधीच दाखवलं, मग हात लावला. बाकी काम घासकामाचंच: धुणं, क्ले बार म्हणजे चिकटलेला मळ ओढून काढणारी वडी फिरवणं, मग स्पिरिटनं प्रत्येक कड पुसणं, दाराच्या रबराच्या आतलीसुद्धा. शेवटी खाचांमध्ये हीट गन फिरवून फिल्म 90 अंशांच्या वर तापवली, थर्मामीटर रोखून. तापवल्याशिवाय ताणलेली फिल्म खाचेतून उचलते.

आता जूनपासूनचा पाऊस अंगावर घेऊन झालाय. आरशाखाली एके ठिकाणी कड सुटली होती, ती त्यानं बोलावून बसवून दिली. सॅटिनला मेण लावायचं नाही, डाग पडतात. ब्रशवालं वॉशिंग नाही, पक्ष्याची घाण दिसली की ओल्या फडक्यानं तेव्हाच. गाडी आता सरळ थांबते, खंबाटकीलाही.

हार्डनर न घातलेला थोडा डाळिंबी रंग उरला होता. अण्णांनी तो काचेच्या बरणीत भरून झाकणाभोवती मेण ओतलं आणि माळ्यावर ठेवला. बरणीवर त्यांच्या पाटीच्या अक्षरात, काना-मात्रा टोकदार: "गाडी. लाल 12, काळा 1."