न्यूझीलंडला खाऊ नेताना: माझा अनुभव

खाद्यपदार्थ घेऊन परदेशी विमानप्रवास करताना दोन वेगवेगळ्या तपासण्या पार कराव्या लागतात आणि त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो, हे न्यूझीलंडला थोरल्या बहिणीकडे जाताना मी जवळून पाहिले. निघतानाची तपासणी विमानाच्या सुरक्षेसाठी असते, तर उतरल्यावरची त्या देशातील शेती, गुरे आणि मधमाश्या यांच्या रक्षणासाठी. पहिलीतून सुटलेला पदार्थ दुसरीत अडकू शकतो, म्हणून सामान भरतानाच मी दोन्हींचे नियम वाचून घेतले होते.

2006 साली ब्रिटनहून निघणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला आणि त्यानंतर हातातल्या बॅगेत 100 मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली नेण्यावर बंदी आली. काही विमानतळांवर नवी स्कॅनर यंत्रे आल्यावर हा नियम सैल झाला आहे, पण वाटेत विमान बदलायचे असेल तर जुनाच नियम गृहीत धरलेला बरा. या नियमात जॅम, दही आणि पाकातली मिठाईसुद्धा द्रवच मानली जाते. शिवाय मोजली जाते ती बरणीची क्षमता, आतला ऐवज नव्हे. मोठ्या बरणीत तळाशी थोडेसे उरले असले तरी ती बरणी चालत नाही. त्यामुळे जॅमची बरणी मी चेक-इनच्या बॅगेत ठेवली. उड्डाणात विमानातील हवेचा दाब साधारण 2,400 मीटर उंचीवर असतो तेवढा खाली येऊ शकतो, त्यामुळे हवाबंद पाकिटे फुगतात आणि सैल झाकणांतून पदार्थ झिरपतो. झाकणावर चिकटपट्टी लावून बरणी दोन पिशव्यांत बांधल्याने कपडे कोरडे राहिले.

सुकी मिठाई हातातल्या बॅगेत चालते. पण दाट वड्यांचा गच्च भरलेला डबा एक्स-रेच्या पडद्यावर एकसंध गोळ्यासारखा दिसतो आणि हमखास बाजूला काढला जातो. माझाही डबा काढला गेला. अधिकाऱ्याने झाकण उघडायला सांगितले, डब्याच्या कडेवरून एक छोटी पट्टी फिरवली आणि स्फोटकांचे अंश तपासणाऱ्या यंत्रात ती घातली. डबा बॅगेत सर्वांत वर ठेवला होता, म्हणून काम पटकन आटोपले.

खरी परीक्षा ऑकलंडला होती. न्यूझीलंडमध्ये प्रवेश करताना सोबतचा प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो. धोक्याचा पदार्थ जाहीर केला नाही, तर 400 न्यूझीलंड डॉलरचा दंड जागेवरच होऊ शकतो. विमानात मिळालेले फळसुद्धा बाहेर नेता येत नाही आणि ते टाकण्यासाठी तपासणीच्या आधी खास पेट्या ठेवलेल्या असतात. हा कडकपणा मला योग्यच वाटतो. 2015 साली ऑकलंडच्या ग्रे लिन भागात फळमाशी सापडली, तेव्हा तिथल्या रहिवाशांना कित्येक महिने फळे परिसराबाहेर नेण्यास मनाई होती. मधमाश्यांचे रोग मधातून पसरू शकतात, म्हणून प्रवाशांना मध आणता येत नाही. मी तो घेतलाच नव्हता.

घोषणापत्रात अन्नपदार्थांच्या प्रश्नापुढे मी ‘होय’ लिहिले आणि बॅगेतल्या पदार्थांची चिठ्ठी हातात ठेवली. चिठ्ठीत प्रत्येक पदार्थापुढे तो कशाचा आहे, घरी केलेला की विकतचा, हे लिहिले होते. अधिकारी बाईंनी ती वाचली आणि नेमके तीनच डबे उघडायला लावले. बिस्किटे आणि चॉकलेट त्यांनी लगेच परत दिले, जॅमच्या बरणीवरचे लेबल वाचून तीही परत केली. घरी केलेली दुधाची मिठाई मात्र ठेवून घेतली. लाळ्या-खुरकूत या गुरांच्या रोगामुळे दुधाच्या पदार्थांबाबत हा देश फार सावध आहे, आणि घरच्या डब्यावर लेबल नसल्याने आत काय आहे, ते किती तापवले आहे, याचा पुरावा नसतो, असे त्यांनी समजावून सांगितले. मिठाई गेल्याचे वाईट वाटले, पण ती जाहीर केलेली असल्याने दंड झाला नाही.

तिथून पुढे देशांतर्गत विमान पकडायचे होते. त्या उड्डाणांना 100 मिलिलिटरची मर्यादा लागू नाही, म्हणून जॅमची बरणी काढून मी हातातल्या बॅगेत घेतली.