आमची वाटचाल: सही कोणाची, हात कोणाचे

सही मॅनेजरची असते, तेव्हा त्यालाच गाठा, असं धंद्यात आम्हाला जो तो ऐकवायचा. एलिक्सिर या प्रोग्रामिंग भाषेतली कामं घेणारी छोटी कंपनी आमची. सगळ्यात मोठं काम, एक चॅट सर्व्हर, आम्ही उभारून नीट चालवत होतो. ते गेलं एका बैठकीत. प्रतिस्पर्ध्याने जावा या जास्त प्रचलित भाषेच्या स्लाइड लावल्या. ग्राहकाच्या मॅनेजरने आम्हाला विचारलं, 'तुम्ही उद्या गेलात तर माणसं कुठून आणायची?' रोज कोड लिहिणाऱ्यांना खोलीत बोलावलंच नव्हतं. काम गेलं, पगार थकले, ऑफिस सोडलं. पुढे त्यांना मशीनं वाढवावी लागली म्हणे. बरं वाटलं, लपवत नाही.

तगलो ते तिथल्याच एका डेव्हलपरमुळे. काम सोपवताना त्याच्यासमोर आयईएक्स, म्हणजे एलिक्सिरच्या आज्ञा थेट चालवायची खिडकी, उघडलं, चालू सर्व्हरमधली एक प्रोसेस, म्हणजे त्यातलं एक छोटं स्वतंत्र काम, मारली. सुपरवायझरने, म्हणजे प्रोसेसवर नजर ठेवणाऱ्या प्रोसेसने, लगेच नवी उभी केली; पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा ओळख क्रमांक, बदलला, बाकीची कनेक्शनं जागच्या जागी. त्याने कीबोर्ड ओढून घेतला आणि मारतच सुटला. पाच सेकंदांत तीन रिस्टार्टची मर्यादा ओलांडली तसा सुपरवायझरच कोसळला. त्याचा पहिला प्रश्न: 'ही मर्यादा बदलायची कुठे?' स्लाइड बघून हा प्रश्न कोणाला पडत नाही. त्याने लॉग चाळायचं एक टूल एलिक्सिरमध्ये लिहिलं, नोकरी बदलली, तिथे आम्हाला बोलावलं. आजही आमची निम्मी कामं त्याच्या ओळखीतून येतात.

वरून लादलेल्या भाषेचं काय होतं ते अडा या प्रोग्रामिंग भाषेने दाखवलंय. अमेरिकी संरक्षण खात्याने सक्ती केली, १९९७ मध्ये उठवली. उलट एरलँग बघा, एरिक्सन या टेलिकॉम कंपनीतच जन्मलेली भाषा. १९९८ मध्ये एरिक्सनच्या रेडिओ विभागाने नव्या कामांत ती वापरायला बंदी घातली. त्याच वर्षी ती ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुली, झाली, पुढे व्हॉट्सअॅपचा सर्व्हर तिच्यावरच उभा राहिला. आमचं एलिक्सिरही तिच्याच व्हीएमवर, म्हणजे कोड चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनवर, चालतं.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. भाषा गळी उतरवायची तर डेव्हलपरपुढे बेंचमार्कचे, म्हणजे वेगाच्या तुलनेचे, तक्ते नाचवू नका, तो ते आपल्या मशीनवर खोटे पाडतो. फंक्शनचं नाव मुद्दाम चुकवा आणि कंपायलर काय सुचवतो ते त्याला वाचू द्या. ज्याला कोणाची परवानगी लागत नाही असं काहीतरी त्याच्याकडून लिहून घ्या. आणि डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं चालतात का, ते आधी स्वतः तपासा!

त्या प्रतिस्पर्ध्याला आता एलिक्सिरचे डेव्हलपर हवे असतात. आमच्याकडे शिकलेले दोघं तिकडेच आहेत. पगार जास्त देतात.