कोल्हापूर ते बंगळूर विमानाने: तिकिटावरचे वरखर्च

दिवाळीनंतर आई, आठ वर्षांची लेक आणि मी बंगळूरला ताईकडे जाऊन आलो. रात्रभर बसमध्ये अवघडून बसणं आईच्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून विमान. उजळाईवाडीच्या विमानतळावर जायला घरातून अर्धा तास पुरला. मार्च २०२४ मध्ये उद्घाटन झालेली नवी इमारत ऐसपैस आहे, आईला फार चालावं लागलं नाही.

पैशांचा हिशोब मात्र चुकला. सगळ्यात स्वस्त दिसलं ते तिकीट मी घेतलं. त्यात फक्त हातातली सात किलोची बॅग होती. २०२१ पासून कंपन्यांना असं बिनबॅगेचं स्वस्त तिकीट विकायला परवानगी आहे. नेहमीच्या तिकिटात माणशी १५ किलो मिळतं आणि तिघांचा मिळून फरक होता जेमतेम सहाशे रुपये. ते वाचवले. आईने मात्र ताईसाठी गुळाच्या ढेपा, दोन किलो कांदा-लसूण मसाला आणि जावयांसाठी चपला बांधल्या होत्या. "लेकीकडं मोकळ्या हातानं जाऊ होय गं?" यावर काय बोलणार! मसाला हातातल्या बॅगेत नेता येत नाही, कारण तिखटाची पूड केबिनमध्ये चालत नाही. काउंटरवर त्या एका बॅगेला वाचवलेल्या पैशांच्या तिपटीहून जास्त मोजले. ओटीसाठी घेतलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही काढून ठेवाव्या लागल्या. तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात, म्हणून त्यांना बंदी आहे. आई बराच वेळ गप्प होती, ते मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

तेव्हा बॅग घरीच वजनकाट्यावर ठेवा, आणि जादा किलो लागणारच असतील तर आदल्या दिवशी ऑनलाइन घ्या. काउंटरवर तेच महाग पडतात.

सीटचंही तसंच. ऑनलाइन चेक-इन करताना जवळजवळ प्रत्येक सीटपुढे रक्कम दिसत होती. मी एकही विकत घेतली नाही. काउंटरवर लेकीची सीट आमच्यापासून चार रांगा लांब आली. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच बुकिंगमधल्या आई किंवा वडिलांजवळ बसवावं, असं डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल २०२४ मध्ये सांगितलंय. शांतपणे तेवढंच बोलले आणि सीट बदलून मिळाली, एक पैसा न देता. काउंटरवर बोर्डिंग पास छापून देण्याचे पैसे घेऊ नयेत, असंही सरकारने जुलै २०२२ मध्ये बजावलं होतं. कुणी मागितलेच तर द्यायचे नाहीत.

कंपन्यांची ओढाताण खोटी नाही. खर्चातला मोठा वाटा इंधनाचा. ते जीएसटीच्या बाहेर, त्यावर राज्यागणिक वेगळा व्हॅट. कंपन्या विमानं भाड्याने घेतात ते भाडं डॉलरमध्ये, म्हणजे रुपया घसरला की तेही चढतं. २०१९ मध्ये जेट आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट या विमान कंपन्या बंद पडल्या तेव्हा कितीतरी लोकांचे तिकिटाचे पैसे अडकले. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंडिगोने अंतरानुसार ३०० ते १००० रुपये इंधन शुल्क लावलं, आणि इंधनाचे दर उतरल्यावर जानेवारी २०२४ मध्ये काढलं. ही पद्धत मला पटते: कारण सांगून लावलं, कारण संपल्यावर काढलं. कोल्हापूरची विमानसेवा एकदा बंद पडलेली आपण पाहिली आहे, ती पुन्हा पडायला नको. तिकिटाचे दर वाढवायचे तर वाढवा, पण पूर्ण रक्कम पहिल्याच पानावर दाखवा. आईसारख्या माणसाने पाच पानं उलटून ती शोधायची का?

परतीचं एक तिकीट रद्द करावं लागलं, ताईने आईला ठेवून घेतलं. तिकीट 'नॉन-रिफंडेबल' होतं, तरीही विमानतळाचं शुल्क आणि सरकारी कर परत मिळतात. आपोआप आले नाहीत, कंपनीच्या साइटवर अर्ज भरला तेव्हा आठवड्यात जमा झाले. तो अर्ज नक्की भरा.