मालवण-देवबागचे हम्पबॅक डॉल्फिन: हंगामअखेरची नोंद

यंदाची छायाचित्रे चाळून आणि ताडून झाली असून, देवबागच्या खाडीमुखापासून मालवण बंदरापर्यंतच्या पट्ट्यातील हम्पबॅक (कुबड असलेल्या) डॉल्फिनांची, छायाचित्रांवरून एकेक प्राणी ओळखून केलेली माझी सूची आता डाव्या आणि उजव्या अंगाची अशा दोन स्वतंत्र भागांत विभागली आहे. हे वरकरणी कारकुनी काम वाटेल, पण या हंगामाची खरी कमाई तीच आहे. पाठीवरच्या पराच्या (फिनच्या) मागच्या कडेला पडलेल्या खाचा दोन्ही बाजूंनी दिसतात, फक्त उलटसुलट. कातडीवरचे ओरखडे आणि पांढरट डाग मात्र ज्या अंगाला असतील त्याच अंगाला दिसतात. त्यामुळे केवळ डागांवरून नोंदवलेला प्राणी डावीकडून एक आणि उजवीकडून दुसरा, असा दोनदा मोजला जाण्याची भीती असते. कडेवरची खाच निर्विवाद असेल, किंवा एकाच भेटीत तोच प्राणी वळताना सलग चित्रांत दोन्ही बाजूंनी मिळाला असेल, तरच मी दोन नोंदी जोडतो.

उदाहरणादाखल सूचीतला 'म-१७' हा प्राणी घ्या. पराच्या मागच्या कडेवर, खालच्या तिसऱ्या भागात, दोन खाचा आहेत. वरची उथळ आणि गोलसर, खालची अरुंद आणि तिरपी, आणि दोहोंच्या मध्ये नखाएवढा उंचवटा राहिला आहे. पावसाळ्यापूर्वीच्या चित्रांत त्याच्या डाव्या अंगावर दातांचे समांतर ओरखडे स्पष्ट होते; पावसाळ्यानंतरच्या चित्रांत ते जवळजवळ पुसले गेले आहेत. खाचा मात्र रेषेला रेष जुळतात. ओरखड्यांवर विसंबलो असतो, तर हा नवा प्राणी म्हणून सूचीत शिरला असता. ओरखडे भरून येतात, गेलेला लचका परत येत नाही; म्हणून जुळणी आधी कडेवरून करावी आणि डागांचा आधार नंतर घ्यावा. जुन्या खाचेशेजारी नवी खाच पडू शकते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

छायाचित्राचा दर्जा आणि पराची ठळकता यांची प्रतवारी मी आता वेगवेगळ्या दिवशी करतो, आणि दर्जा ठरवताना पर कोणाचा आहे याचा विचारही करत नाही. कारण सरळ आहे. मोठी खाच धूसर चित्रातही ओळखू येते, म्हणून ते चित्र ठेवण्याचा मोह होतो, आणि तितकेच धूसर पण बिनखाचेच्या पराचे चित्र आपण बिनदिक्कत टाकून देतो. असे केले की खुणा असलेल्यांचे प्रमाण फुगते आणि एकूण संख्येचा अंदाज, जो खुणा असलेल्यांच्या संख्येला याच प्रमाणाने भागून काढतात, खाली येतो. चुकीची जुळणी झाली, म्हणजे दोन प्राणी एकच धरले गेले, तरी अंदाज खालीच येतो. खरी जुळणी हुकली, म्हणजे एकच प्राणी दोन धरला गेला, तर तो वर जातो. अरबी समुद्रातील हम्पबॅक देवमाशांचा ओमानजवळचा अंदाज, २०११ साली प्रसिद्ध झालेला, अवघा ८२ होता, आणि तोही ओळखीच्या छायाचित्रांवरूनच काढलेला. एवढ्या लहान समूहात दोन-चार चुकीच्या जुळण्यांनीही चित्र बदलते. (नाव सारखे असले तरी तो देवमासा वेगळा, त्याची ओळख प्रामुख्याने शेपटीच्या खालच्या बाजूवरून पटते.)

पिल्लांचे पर बहुधा कोरे असतात. त्यांना मी क्रमांक देत नाही. ज्या मादीच्या कुशीला ते वारंवार दिसते तिच्या नोंदीत त्याचा उल्लेख ठेवतो.

छायाचित्रणाबद्दल थोडेसे. या जातीची चोच आधी वर येते, मग पाठीची कमान होते आणि कुबडावरचा छोटा पर क्षणभरच पूर्ण बाहेर राहतो. कडेचा खालचा भाग तेव्हाच मिळतो. शटर एक हजारांश सेकंदाहून मंद ठेवलेले मला कधीच पुरले नाही. सूर्य पाठीशी असावा आणि पर शक्यतो काटकोनात यावा, कारण तिरप्या कोनातून खाच अरुंद दिसते आणि फसवते. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा पडल्यावर पाणी शांत असते तेव्हाच काम होते. दुपारच्या वाऱ्याबरोबर लाटा फुटू लागल्या की फेसाचे पांढरे ठिपके डागांसारखे भासतात. तांडेलाला (होडी चालवणाऱ्याला) समांतर अंतर राखायला आणि प्राणी स्वतःहून जवळ आले तर इंजिन न्यूट्रलला ठेवायला सांगावे. पाठलाग केल्यास पाठमोरे परच मिळतात. शिवाय हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

स्वयंचलित जुळणीची साधनेही वापरून पाहिली. ती संभाव्य जोड्यांची उतरत्या क्रमाने यादी देतात आणि शोधाचा वेळ वाचवतात, पण निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. माझ्या मते कमी चित्रांच्या सूचीत त्यांचा लाभ बेताचाच आहे.

मासेमारीबंदी संपून समुद्र निवळला की उजव्या बाजूची चित्रे वाढवायची आहेत, कारण ती सूची डावीच्या मानाने बरीच तोकडी आहे. त्याआधी माझ्या जुळण्या दुसऱ्या कोणीतरी तपासायला हव्यात: तारीख, स्थळ आणि क्रमांक झाकून फक्त परापुरती कापलेली छायाचित्रे पाठवीन, तपासायला तयार असाल तर आपण स्वतंत्रपणे जोड्या लावाव्यात. जिथे आपले आणि माझे मत जुळणार नाही, त्या नोंदी मी पुन्हा सुट्या करीन.