उकरणारं बोट

भेंडीचं बी पेरलं, वर माती लोटली, पाणी शिंपडलं. आता पाच-सहा दिवस कुंडीला हात लावायचा नाही, एवढी एकच अट होती. लेकीनं ती शहाण्यासारखी मान डोलावून मान्य केली. मी झारी ठेवून वळतो न वळतो तोच बोटाच्या टोकाला चिकटलेलं बी माझ्या नाकासमोर आलं.

"बाबा, हे अजून उगवलं नाही."

तिला पाचवं वर्ष चालू आहे. या वयात काळाचे तीनच प्रकार असतात, आत्ता, उद्या आणि मोठं झाल्यावर. भेंडीचं बी यातल्या कुठल्याच खणात बसत नाही.

सुट्टीत पोरीला मोबाइलपासून लांब ठेवावं, मातीत हात घालू द्यावेत आणि जमलंच तर धीर नावाची गोष्ट शिकवावी, असा माझा बेत होता. आखताना तो फारच सुसंस्कृत वाटला होता. गॅलरीत सात कुंड्या मांडल्या. मातीत शेणखत आणि थोडं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, कालवलं. भेंडी, काकडी, टोमॅटो, मिरची आणि लाल माठ. माठ हा माझा हुकमाचा एक्का. उन्हात तो चार-पाच दिवसांत वर येतो आणि महिनाभरात काढायला होतो, म्हणजे पोरांचा उत्साह ओसरायच्या आत काहीतरी हाताला लागतं. "मग सगळ्या कुंड्यांत माठच लाव की," आई म्हणाली. मी ऐकलं नाही. आईचं न ऐकून नंतर मनातल्या मनात ते कबूल करायचं, ही आमची जुनी रीत आहे.

बी रात्रभर भिजवलं होतं. एकेक उचलताना लेकीनं रास्त प्रश्न विचारला, "याचं डोकं कुठे आणि पाय कुठे?" कसंही टाक, ते बरोबर वर येतं, हे उत्तर तिला पटलं नाही. झोपताना आपल्यालाही उशी कुठल्या बाजूला हे बघावं लागतंच ना. शेवटी एका काचेच्या ग्लासात ओला कागद गुंडाळून घातला आणि कागद नि काच यांच्यामध्ये घेवड्याचे तीन दाणे अडकवले. एक सरळ, एक आडवा, एक उलटा. चार दिवसांनी उलट्या दाण्यातून मूळ निघालं ते वरच्या दिशेनं. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यानं वळण घेतलेलं आणि तोंड खाली केलेलं.

"त्याला कुणी सांगितलं खाली कुठे आहे ते?"

सांगणारं कुणी नसतं. मुळाच्या अगदी टोकाशी काही पेशी असतात आणि त्यांच्यात पिठाचे बारीक कण असतात. ते जड, त्यामुळे तळाशी जाऊन बसतात. कण ज्या बाजूला बसले ती बाजू खाली, इतका साधा हिशेब. हे मी तिला डब्यात हरभरे हलवून समजावलं आणि स्वतःवर खूश झालो. तिनं ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून रोज सकाळी उठून ग्लास आडवा करू लागली, एक दिवस या कुशीवर, एक दिवस त्या कुशीवर. मूळ बिचारं रोज नव्यानं खाली शोधायचं. आठवड्यानं त्याचा आकार गावठी सापासारखा झाला होता. प्रयोग म्हणून माझ्यापेक्षा तिचा बरा होता, हे मान्य करायला हवं.

कुंडीतल्या भेंडीची उकराउकरी मात्र चालूच होती. रागावून झालं, लालूच दाखवून झाली. "बी झोपलंय, उठवू नकोस," हा उपाय जेमतेम दीड दिवस टिकला, कारण मग ते किती वाजता उठणार ते सांगा.

आता एक गोष्ट लिहूनच टाकतो. पाचव्या दिवशी रात्री सगळे झोपल्यावर मी गॅलरीत गेलो. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात टूथपिक. जरासं बघू, एवढंच मनात होतं. माती बाजूला केली तर बी फुगलेलं, साल फाटलेली आणि पांढरं मूळ नखाएवढं खाली गेलेलं. छान दिसत होतं. झाकायला गेलो आणि टूथपिकच्या टोकानं ते मटकन तुटलं. त्या कुंडीत सहा बिया होत्या, पाच उगवल्या. सहावी का उगवली नाही याची चौकशी घरात अजून चालू आहे आणि संशय साहजिकच एका लहान बोटावर आहे.

बोट थांबत नाही म्हटल्यावर मी त्याला नोकरी दिली. झालं असं की, भर दुपारी काकडीची पानं ओल्या फडक्यासारखी लोंबायची. ती बघितली की लेक झारी घेऊन धावायची, आणि तिला अडवून मी आत वळलो की स्वतःच पाण्याचा मग भरून घेऊन यायचो. एक कुंडी अशी आम्ही दोघांनी मिळून जवळजवळ बुडवली. दुपारची मान टाकलेली असणं म्हणजे दर वेळी तहान नव्हे. पानांतून पाणी उडतं ते मुळांना वर पोचवायला जमेना की वेल पानं सैल सोडतो. मातीत ओल असेल तर ऊन उतरल्यावर तो आपला आपण उभा राहतो. त्यात आपण वरून पाणी ओतत राहिलो की मातीतली हवा जाते आणि मुळं कुजायला लागतात. म्हणून नियम ठरला. पाणी सकाळी लवकर, आणि त्याआधी बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं. ओलं लागलं तर झारी खाली. बोट अर्थात तिचं. "ओलं!", "कोरडं!", "इथे गांडूळ!" असा पुकारा रोज सकाळी होऊ लागला. बियांमागची चौकशी तेवढी कमी झाली.

टोमॅटोबद्दल फार बोलत नाही. फुलं भरपूर आली आणि भरपूर गळली. पारा पस्तिशीच्या वर गेला आणि रात्रीही गार पडेनात की टोमॅटोचे परागकण निकामी होतात. फूल येतं, पण फळ धरत नाही. तीन टोमॅटो कसेबसे धरले, तेही लालभडक न होता नारिंगीच राहिले, कारण तो लाल रंग फार उष्णतेत नीट तयार होत नाही. हिरवी जाळी वर बांधायला हवी होती, ती बांधली तेव्हा उशीर झाला होता. मी हळहळत होतो. लेक गळलेली पिवळी फुलं काडेपेटीत भरत होती. तिचा हंगाम जोरात होता.

खरी मजा काकडीनं आणली. काकडीच्या वेलाला बारीक तारा फुटतात, त्यांना ताणे म्हणतात. ताणा आधी हवेत सरळ लांब होतो आणि हळूहळू गोल फिरत राहतो, अंधारात भिंत चाचपावी तसा. हे आपल्याला दिसत नाही, कारण आपण एवढा वेळ बघत नाही. चार्ल्स डार्विननं बघितलं. आजारपणात त्यानं काकडीच्याच कुळातला एक वेल अभ्यासाच्या खोलीत ठेवला होता, आणि वेलाचं टोक दीड-दोन तासांत एक फेरी घेतं हे टिपून ठेवलं. पुढे १८६५ साली त्यानं वेलींच्या हालचालींवर लांबलचक निबंध लिहिला. अंथरुणाला खिळलेला माणूस, म्हणून जमलं असणार. धडधाकट माणसाला घरचे तेवढ्यात दोनदा हाक मारतात.

लेकीला मी एवढंच म्हटलं की ताण्याला काही लागलं की तो ते धरतो. तिनं लगेच तेच बोट पुढे केलं, ताण्याच्या टोकाला टेकवलं आणि उभी राहिली. न हलता. जी पोरगी केस विंचरायला वीस सेकंद बसत नाही, ती पाच मिनिटं एका तारेपुढे बोट धरून उभी. मग पायाला मुंगी चावली आणि ती गेली. जाताना म्हणाली, "तुम्ही धरा, मी आले." मी धरलं. ती आली नाही, दुसरीकडे खेळायला लागली. मी तसाच उभा. फोन वाजून थांबला. ऊन गॅलरीच्या कठड्यावरून खाली सरकलं. आणि मग टोक किंचित, अगदी नखभर, माझ्या बोटाकडे वाकलं. खात्री नव्हती म्हणून आणखी थांबलो. वाकलंच होतं.

मी ओरडलो. सगळे धावत आले, काही पडलं की काय म्हणून.

संध्याकाळी त्याला सुतळी दिली. ती त्यानं धरली आणि दोन दिवसांत मधल्या भागाची छान स्प्रिंग झाली. नीट बघितलं तर स्प्रिंगचे अर्धे वेढे एका दिशेचे असतात, मध्ये एक छोटा सरळ तुकडा आणि पुढचे अर्धे उलट दिशेचे. त्याला इलाज नसतो. एक टोक वेलाला, दुसरं सुतळीला, दोन्ही पक्की. एकाच दिशेनं पिळत गेला तर पीळ जायचा कुठे? म्हणून जेवढे वेढे इकडे तेवढेच तिकडे. आणि वारा आला की ही स्प्रिंग ताणते, तुटत नाही. हे मी घरात प्रत्येकाला वेगवेगळं नेऊन दाखवलं. आई म्हणाली, "पोरीला शिकवायला लावलीस ना रे बाग?"

पुढे काकडीला फुलं आली, पण आधी नुसती नर फुलं, तशी रीतच असते. मग मागे बोटभर केसाळ काकडी घेऊन मादी फूल उमललं. आमच्याकडे मधमाशा फारशा फिरकत नाहीत, म्हणून चित्रकलेचा ब्रश घेऊन पराग इकडचे तिकडे करायचं ठरलं. काम लेकीचं. तिनं ते मन लावून केलं, फक्त ब्रश आधी निळ्या रंगात बुडवलेला होता. काकडी धरली, आणि ती निळ्या रंगामुळेच धरली यावर आता घरात वाद होत नाही.

भेंडीचं फूल बघण्यासारखं असतं. फिकं पिवळं, आत तळाशी गर्द जांभळट, जास्वंदीच्या नात्यातलं. सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. त्यानंतर पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायची, नाहीतर ती जून होते. आम्ही तोडत होतो. फक्त एका झाडावरची एक भेंडी लेकीनं आपली म्हणून जाहीर केली. तिला हात लावायचा नाही. एक जून भेंडी झाडावर राहिली की झाड तिच्यातल्या बियांमागे लागतं आणि नवी धरायला आळस करतं, हे आईनं सांगून बघितलं. उपयोग झाला नाही. झाड खरोखरच थंडावलं.

सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, बाकीच्या कुंड्या रिकाम्या झाल्या. ती भेंडी वाळून तपकिरी झाली, लाकडासारखी कडक. हलवली की आत बिया वाजतात. लेकीनं ती खुळखुळा म्हणून उशाशी ठेवली आहे. काल बघितलं तर टोकाशी एक शीर उकललेली, आत काळपट करडे दाणे ओळीनं बसलेले. किती आहेत ते बघावं म्हणून मी फटीत नख घातलं.

ती गृहपाठावरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, उकरायचं नाही."